मज्जारज्जूला चालणं ठाऊक असतं

उंचावरून माणूस पायांवर किंवा बुडावर आपटला, की धक्का पाठीतून वर चढतो आणि बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फुटतो: छातीचा बारावा मणका आणि कमरेचा पहिला मणका यांच्या आसपास. वरचे मणके बरगड्यांनी जखडलेले, खालचे मोकळे. या दोहोंच्या सांध्यावर सगळा जोर येतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पट्ट्यात असं पडायच्या जागा कमी नाहीत. घोडबंदर रोडवर मजल्यामागून मजले चढवणाऱ्या इमारतींचे परांचे आहेत, पावसाळ्याआधी पत्रे बदलायला शेडवर चढणारी माणसं आहेत, नारळाची झाडं आहेत. दहीहंडी आहे, २०१२ साली ठाण्यातच जय जवान पथकानं नऊ थर रचून ४३.७९ फुटांचा जागतिक विक्रम केला होता. आणि लोकलचा दरवाजा तर रोजचाच. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेले तेरा जण खाली पडले, चौघे त्याच दिवशी गेले. अशा बातम्यांत मृतांचा आकडा येतो आणि बाकीचे ‘जखमी’ या एका शब्दात बसतात. कोणत्याही अपघातातल्या जखमींपैकी ज्याच्या मज्जारज्जूला इजा झालेली असते, त्याच्या घरचं पुढचं सगळं आयुष्य त्या शब्दात कुठेच दिसत नाही.

मणका मोडणं वेगळं आणि मज्जारज्जू दुखावणं वेगळं. मणका हाड आहे. स्क्रू-रॉड घालून तो बसवता येतो, काही महिन्यांत जुळतो. त्याच्या पोकळीतून जाणारा मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड, मोठ्या माणसात साधारण ४५ सेंटीमीटर लांब. मेंदूकडून पायांकडे जाणारे आणि पायांकडून मेंदूकडे येणारे लाखो चेतातंतू त्यातून जातात. हातातली एखादी नस तुटली तर ती पुन्हा वाढू शकते. मज्जारज्जूतले तंतू मात्र जवळजवळ वाढत नाहीत. जखमेच्या जागी व्रण तयार होतो, वाढ थोपवणारी रसायनं साचतात आणि तंतूंची टोकं तिथेच थबकतात. म्हणून ऑपरेशन ‘यशस्वी’ झालं असं सर्जन सांगतात तेव्हा ते बहुधा हाडाबद्दल बोलत असतात, आणि घरचे ऐकतात ते पायांबद्दल. हा गैरसमज त्याच दिवशी दूर करणं ही मला डॉक्टरांची फार मोठी जबाबदारी वाटते.

पण जखमेच्या खालचा मज्जारज्जू मेलेला नसतो. गेल्या शंभर वर्षांतलं चालण्याविषयीचं सगळं संशोधन या एका गोष्टीवर उभं आहे. १९११ साली ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम ब्राउन यांनी दाखवलं, की मांजराचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला आणि पायांकडून येणाऱ्या संवेदनाही बंद केल्या, तरी मागच्या पायांच्या स्नायूंत आळीपाळीनं आकुंचनाची लय उठते. पाय उचलणं आणि टेकणं यांचं मूळ वेळापत्रक कमरेच्या भागातल्या चेतापेशींकडेच असतं. पावसात कुर्ला-सायनला पाणी भरलं आणि सीएसएमटीकडची वाहतूक थांबली, तरी कल्याणच्या पुढे कर्जत-कसाऱ्याकडे गाड्या सोडता येतात. रूळ, सिग्नल, मोटरमन सगळं तिथे असतंच, वरून येणारा हुकूम तेवढा पोहोचत नाही. कमरेच्या मज्जारज्जूचं असंच होतं. हुकूम देणारा दुसरा कुणी मिळाला, तर तिथली यंत्रणा हलू शकते.

तो दुसरा कुणी म्हणजे खुद्द पाय, हे पुढे कळलं. १९८७ साली माँट्रिआलच्या ह्यूग बार्बो आणि सर्ज रोसिन्योल यांनी मज्जारज्जू पूर्ण तोडलेल्या प्रौढ मांजरांना रोज ट्रेडमिलवर चालवलं. आधी शेपटीला धरून आधार, मग थोडा कमी, मग आणखी कमी. काही आठवड्यांनी मांजरांचे मागचे पाय पट्ट्यावर अंग तोलत पावलं टाकू लागले. कॅलिफोर्नियात रेजी एजर्टन यांच्या प्रयोगशाळेतही हेच दिसलं, आणि तिथे एक आणखी महत्त्वाची गोष्ट कळली: ज्यांना फक्त उभं राहायला शिकवलं ती मांजरं उभी राहिली, ज्यांना चालायला शिकवलं ती चालली. मज्जारज्जू जो सराव करतो तेच शिकतो. तळव्यावर पडणारा भार, मागे जाणारी मांडी, लांबणारा स्नायू, या प्रत्येकाचा निरोप वर जातो आणि पुढच्या पावलाची वेळ ठरवतो.

माणसावरचे प्रयोग इथूनच निघाले. छतापासून पट्ट्यांनी लटकवून अंगाचा काही भार काढायचा, खाली ट्रेडमिल फिरवायची आणि दोन-तीन फिजिओथेरपिस्टनी पाय धरून पावलं टाकून घ्यायची. हे फार मेहनतीचं काम. थेरपिस्टची पाठ आधी दुखते. म्हणून झुरिकमध्ये लोकोमॅट हे यंत्र आलं, रोबोटच्या हातांनी पाय हलवणारं. आता मुंबई-पुण्यातल्या काही मोठ्या खासगी रुग्णालयांतही अशी यंत्रं दिसतात आणि माहितीपत्रकावर त्यांचाच फोटो असतो. एखाद्या घरानं तो फोटो पाहिला की यंत्राशिवाय आपला मुलगा मागे राहणार असं वाटू लागतं.

मग २००६ साली अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ताज्या, अपूर्ण इजा झालेल्या १४६ जणांचे दोन गट केले. एका गटाला पट्ट्यांनी लटकवून ट्रेडमिलवर चालवलं, दुसऱ्याला तितकाच वेळ साध्या जमिनीवर, पॅरलल बार, वॉकर, काठ्या घेऊन. बारा आठवड्यांनंतर आणि पुढे सहा महिन्यांनीही दोन गटांत फरक दिसला नाही. संशोधकांना नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं: ज्यांच्या पायांत थोडीशी तरी हालचाल शिल्लक होती त्यांतले बहुतेक जण दोन्ही गटांत चालू लागले. या विषयावर मी वाचलेल्या सगळ्या संशोधनात डोंबिवलीतल्या सामान्य घरासाठी सर्वांत कामाचा निष्कर्ष हाच आहे, असं माझं ठाम मत आहे. फायदा यंत्रापेक्षा सरावातून, त्याच्या मात्रेतून येतो. रोज, भरपूर, पायांवर भार टाकून, खऱ्या चालण्याच्या जवळ जाणारा सराव. तो लाखो रुपयांच्या यंत्रावर करता येतो आणि दोन लोखंडी दांड्यांमध्येही.

अपूर्ण इजा म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. डॉक्टर रुग्णाला ए ते ई अशा पाच श्रेणींत बसवतात. ए म्हणजे गुदद्वाराजवळच्या त्वचेतसुद्धा संवेदना नाही आणि तिथला स्नायूही आवळत नाही. तिथे जराशी जाणीव असली तरी इजा अपूर्ण धरतात, कारण सगळ्यात खालच्या टोकापर्यंत काही तंतू पोहोचताहेत याची ती खूण असते. बी मध्ये फक्त जाणीव असते, सी मध्ये दुबळी हालचाल, डी मध्ये बऱ्यापैकी ताकद, आणि ई म्हणजे सगळं ठीक. डी श्रेणीतले बहुतेक जण चालतात. ए मधले फारच थोडे. ही तपासणी टाचणी, कापूस आणि हातमोजा एवढ्यावर होते. अपघातानंतर मज्जारज्जू काही काळ बधिर होऊन बसतो, म्हणून पहिल्या रात्रीच्या तपासणीपेक्षा साधारण तीन दिवसांनंतरची तपासणी अधिक भरवशाची. एमआरआयची फाइल सांभाळणाऱ्या नातेवाइकांनी हे एक अक्षरही डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

आता विजेकडे. रॉब समर्स हा अमेरिकेतला बेसबॉल खेळाडू, २००६ साली गाडीनं उडवल्यानं त्याचे पाय गेले. २००९ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या कमरेच्या मज्जारज्जूच्या आवरणावर सोळा इलेक्ट्रोडची पट्टी बसवली. हे उपकरण मूळचं पाठदुखी कमी करण्यासाठीचं. २०११ मध्ये लुईव्हिलच्या सुझन हार्केमा आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं, की वीज चालू असताना तो स्वतःच्या पायांवर भार घेऊन उभा राहतो, इतकंच नव्हे तर ठरवून पायाची बोटं, घोटा, गुडघा हलवतो. हे कुणाला अपेक्षितच नव्हतं. वीज स्नायूंना थेट हलवत नाही. पायांकडून आत येणाऱ्या जाड संवेदनातंतूंना ती चेतवते आणि कमरेतल्या चेतापेशींना जागं ठेवते. मग जखमेतून शिल्लक राहिलेल्या मूठभर तंतूंतून मेंदूचा जो क्षीण निरोप येतो, जो एरवी ऐकूच गेला नसता, तो कामी येतो. तपासणीत पूर्ण वाटणाऱ्या इजेतही असे काही तंतू उरलेले असू शकतात, हे या प्रयोगांनी पुन्हा समोर आणलं.

२०१८ साली तीन ठिकाणांहून चालण्याच्या बातम्या आल्या: लुईव्हिल, मेयो क्लिनिक आणि स्वित्झर्लंडमधलं लोझान. लुईव्हिलमध्ये चौघांपैकी दोघं जमिनीवर चालले. एकाला त्यासाठी १५ आठवड्यांत ८१ सत्रं लागली, दुसऱ्याला ८५ आठवड्यांत २७८. तिसऱ्या एकाचं सरावातच खुब्याचं हाड मोडलं, कारण वर्षानुवर्षं भार न घेतलेल्या पायांची हाडं ठिसूळ होतात. बातम्यांत पावलं आली, हे हाड आलं नाही.

लोझानच्या ग्रेग्वार कुर्तीन आणि जोसलिन ब्लॉक यांचं काम मला सगळ्यांत बुद्धिमान वाटतं. उंदरांमध्ये सतत दिलेली वीज छान चालत होती, माणसांत तितकी चालेना. का, ते त्यांनी शोधलं: माणसाच्या पायांचे तंतू लांब असल्यानं विजेच्या लहरी पायांकडून येणाऱ्या खऱ्या निरोपांना वाटेतच गाठून पुसून टाकत होत्या. पाय कुठे आहे हेच रुग्णाला कळेनासं होई. मग त्यांनी वीज सतत न देता, पाऊल उचलण्याच्या क्षणी उचलणाऱ्या चेतापेशींवर आणि टेकण्याच्या क्षणी टेकणाऱ्या चेतापेशींवर अशी हिशेबानं द्यायला सुरुवात केली. २०२३ मध्ये याच गटानं फ्रेंच संशोधकांसह आणखी पुढचं पाऊल टाकलं. खेर्त-यान ओस्कम या डच माणसाच्या कवटीत मेंदूवर इलेक्ट्रोड बसवून, चालायचं मनात येताच उठणारा संकेत ओळखून तो थेट कमरेच्या पट्टीकडे पाठवला. तो कुबड्या घेऊन जिने चढला, आणि यंत्र बंद असतानाही थोडं चालू लागला.

पण ज्या जागेपासून हा लेख सुरू झाला, तिथे आता परत यावं लागतं. ही सगळी वीज आणि ट्रेडमिलवरचा सगळा सराव कमरेच्या भागातल्या चेतापेशी शाबूत आहेत असं गृहीत धरतो. त्यातल्या बहुतेक पेशी कमरेच्या मणक्यांत नसतात. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कमरेच्या मणक्यापाशीच संपतो. पायांच्या पेशींचा फुगवटा साधारण छातीच्या दहाव्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्यापर्यंत बसलेला असतो. म्हणजे परांच्यावरून किंवा थरावरून पडलेल्याचा बारावा किंवा पहिला मणका फुटतो तेव्हा पुष्कळदा त्या पेशीच चिरडल्या जातात, किंवा त्यांच्यातून निघणाऱ्या नसा. अशा रुग्णाचे पाय कडक होऊन उडत नाहीत. ते लोळागोळा होतात, स्नायू झपाट्यानं झिजतात. त्याच्यासाठी मज्जारज्जू चेतवणारी वीज सहसा उपयोगाची नसते, कारण चेतवायला कुणी उरलेलं नसतं. उलट अशा काहींच्या बाबतीत नसा हळूहळू थोड्याफार सावरतात, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूत ताकद आली तर घोट्याला आधार देणारं छोटं कॅलिपर आणि काठ्या घेऊन ते घरात फिरू शकतात. परदेशातला व्हिडिओ पाहून ‘आमच्या दादाला हे का नाही’ असं विचारणाऱ्या भावंडांना हे कुणीतरी मणक्याचा आकडा दाखवून समजावून सांगायला हवं.

बाकीच्या प्रयोगांचा उल्लेख थोडक्यात पुरे. अंगावर चढवायचे मोटारीचे सांगाडे २०१४ पासून अमेरिकेत घरी वापरायला मंजूर आहेत. ते माणसाला उभं करतात, पण बरं करत नाहीत, आणि त्यांची किंमत आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. केरळच्या जेनरोबोटिक्स कंपनीनं चालण्याच्या सरावासाठी स्वदेशी रोबोटिक यंत्र तयार केलं आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. ब्राझीलमध्ये मिगेल निकोलेलिस यांनी मेंदूच्या संकेतांवर चालणाऱ्या सांगाड्याचा वर्षभर सराव आठ जणांना दिला. त्यांच्यात थोडी संवेदना आणि हालचाल परतली. थोड्या थोड्या वेळानं कमी प्राणवायूची हवा श्वासातून देऊन मग चालवण्याचाही प्रयोग अमेरिकेत झाला. एकोणीस जणांच्या चाचणीत वेग आणि दम वाढला. त्वचेवरून वीज देण्याच्या तंत्राला अमेरिकी नियामकांची मान्यता २०२४ च्या डिसेंबरमध्ये मिळाली, तीही हातांच्या कामासाठी, पायांच्या नव्हे.

मूळपेशींबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्या भागातल्या घरांचे पैसे पुष्कळदा इथे जातात. जपानच्या केओ विद्यापीठानं प्रयोगशाळेत तयार केलेल्या मूळपेशी चार रुग्णांच्या मज्जारज्जूत सोडल्या आणि मार्च २०२५ मध्ये सांगितलं, की दोघांत सुधारणा दिसली. इतक्या वर्षांच्या कामानंतर, चारच रुग्ण, आणि बोलणं इतकं जपून. याउलट स्वतःच्याच अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी कंबरेतून टोचून ‘पॅकेज’ देणाऱ्या जाहिराती आपल्याकडे मोबाइलवर येत असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं यावर स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही आजारांपलीकडे मूळपेशींचा वापर म्हणजे प्रयोग. तो मंजूर, नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवा आणि चाचणीतल्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. अशा चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते. ती कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. म्हणून विचारायचे प्रश्न दोनच. तुमच्या चाचणीचा सीटीआरआय क्रमांक काय? आणि प्रयोग आहे तर पैसे कशाचे? उत्तर गोलमोल मिळालं तर उठून यावं. मंगळसूत्र किंवा गावची जमीन विकून आणलेली रक्कम तिथे देण्यापेक्षा पुढच्या दोन वर्षांच्या फिजिओथेरपिस्टला, चांगल्या व्हीलचेअरला आणि कॅथेटरला लागणार आहे.

ती रक्कम उभी करण्याचा एक रस्ता पुष्कळांना माहीत नसतो. चालत्या गाडीतून अपघातानं पडणं हे रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ प्रमाणे भरपाईला पात्र आहे, प्रवाशाकडे वैध तिकीट किंवा पास असला तर. चढता-उतरता पडलेल्याला ‘तुझीच चूक’ म्हणून भरपाई नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये रीना देवी खटल्यात सांगितलं. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात, अपघातापासून एक वर्षाच्या आत करायचा असतो. घर अंथरुणाशी अडकलेलं असताना हे वर्ष हातातून निघून जातं.

आणि चालणं हीच एकमेव मोजपट्टी धरू नये, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. २००४ साली किम अँडरसन या संशोधिकेनं मज्जारज्जूची इजा झालेल्या ६८१ जणांना विचारलं, आधी काय परत हवं? चारही अंगं गेलेल्यांनी हात मागितले. पाय गेलेल्यांनी सगळ्यात वर लैंगिक क्षमता लिहिली. लघवी आणि शौचावरचा ताबा दोन्ही गटांत वर होता. चालणं या सगळ्यांच्या आधी नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाआधी असे रुग्ण मरत ते बेडसोअर आणि लघवीच्या संसर्गानं. लुडविग गुटमान यांनी १९४४ पासून इंग्लंडच्या स्टोक मँडविलमध्ये दर दोन तासांनी कूस बदलणं आणि मूत्राशय सांभाळणं एवढ्या शिस्तीवर त्यांना जगवलं, मग खेळायला लावलं. त्या खेळांतूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं, आणि १९७२ च्या हायडेलबर्ग स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक आणलं. १९६५ च्या युद्धात त्यांच्या कण्यात गोळी शिरली होती.

या कामाची परंपरा आपल्याजवळच आहे. केईएममध्ये कमला निंबकरांनी १९५० साली आशियातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून सुरू आहे. कॅलिपर, व्हीलचेअर, मूत्राशयाचं प्रशिक्षण, सगळं तिथे होतं. अडचण अंतराची आहे. डोंबिवलीच्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला चौघांनी खुर्चीसकट उतरवायचं, रिक्षात घालायचं, दिव्यांगांच्या डब्यापर्यंत न्यायचं, दादरला बदलून महालक्ष्मीला उतरवायचं. हे महिन्यातून एकदा जमतं. आठवड्यातून पाच दिवस जमत नाही, आणि सराव तर आठवड्यातून पाच दिवसच लागतो. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालयं या पट्ट्याच्या मधोमध आहेत. त्यांच्या तळमजल्यावर एका खोलीत पॅरलल बार, झुकणारं टेबल, छताला अडकवलेली पट्ट्यांची झोळी, दोन फिजिओथेरपिस्ट, एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि मूत्राशयाची काळजी शिकवणारी एक परिचारिका, इतक्यानं २००६ च्या त्या चाचणीत जे मिळालं ते इथल्या सी आणि डी श्रेणीतल्या रुग्णांना देता येईल. गोविंदा पथकांचा विमा सरकार उतरवतं, ते योग्यच आहे. तो विमा जिथे ठरतो त्याच बैठकीत या खोलीचाही खर्च मागायला हवा, आणि थरांच्या शेजारी कणा न वाकवता उचलण्याची फळी व ती वापरायला शिकलेले चार तरुणही. पडलेल्याला हात-पाय धरून उचललं, की जे तंतू वाचलेले असतात तेही त्या क्षणी जाऊ शकतात.